स्लॅबमधल्या भोकाला मालक हवा

भाचीबाई, नव्या प्रोजेक्टची पहिली कोऑर्डिनेशन बैठक असेल तेव्हा एकच प्रश्न विचार: स्लॅबमधलं भोक कुणाचं? उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. आर्किटेक्ट म्हणतील, प्लॅनवर शाफ्ट दाखवलाय की. प्लंबिंगवाले म्हणतील, आमचा पाइप मॉडेलमध्ये केव्हाचा आहे. एसीवाले म्हणतील, डक्टचा आकार तर मेल केला होता. आणि स्ट्रक्चरचे सर चष्मा पुसत म्हणतील, आमच्याकडे कुणी काही मागितलंच नाही. गंमत म्हणजे चौघंही खरं बोलत असतात. ज्याने त्याने आपापल्या मॉडेलमध्ये आपापलं काम केलेलं असतं. फक्त ज्या स्लॅबमध्ये काँक्रीट पडणार आहे, त्या स्लॅबमध्ये भोक नसतं.

म्हणून माझा साधा नियम. मागणी सर्व्हिसवाल्यांची, भोक स्ट्रक्चरचं. पाइप, डक्ट किंवा केबल ट्रे कुठून जाणार आणि त्याला किती जागा लागणार, हे सर्व्हिसवाल्यांनी ठोकळ्याच्या रूपात मांडायचं. तो ठोकळा पाहून स्लॅब कापायचा की नाही, हे स्ट्रक्चरने ठरवायचं आणि कापायचा तर स्वतःच्या मॉडेलमध्ये कापायचा. ठोकळा ठेवणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. तिकीट कंडक्टरच देतो. मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या ‘आयएफसी ४’ या मानकातही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मागणीच्या ठोकळ्याला ‘प्रोव्हिजन फॉर व्हॉइड’ हा प्रकार आहे, आणि स्लॅबमधून खरोखर वजा होणारं भोक म्हणजे ‘ओपनिंग एलिमेंट’, ते निराळं. मानक लिहिणाऱ्यांनी हा भेद मुद्दाम राखलाय, तूही राख. प्रत्येक ठोकळ्याला नंबर दे: मजला, सर्व्हिस, क्रमांक. मागितलं, मंजूर, नामंजूर, कापलं, भरलं, यातली कुठली अवस्था आहे हे त्याच्यावरच लिहिलेलं असू दे. मेलच्या ढिगाऱ्यात मंजुरी शोधत बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

आता रेव्हिटमधला एक चकवा. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये शाफ्ट ओपनिंग काढलं की त्याच मॉडेलमधले मजले, छत, सीलिंग कापले जातात. लिंक करून आणलेल्या स्ट्रक्चरच्या स्लॅबला ते शिवतसुद्धा नाही. पण आर्किटेक्टने स्वतःची फरशी काढलेली असते, तिच्यात भोक दिसतं, आणि थ्रीडीमध्ये बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात एकावर एक दोन स्लॅब असतात, वरच्याला भोक आहे आणि खालचा सलग आहे. कोऑर्डिनेशनसाठी वेगळा व्ह्यू कर आणि त्यात आर्किटेक्टच्या फरश्या सरळ बंद करून टाक. सर्व्हिसच्या लोकांना दिसायला हवा तो स्ट्रक्चरचाच स्लॅब.

काही ऑफिसांत कॉपी-मॉनिटर वापरतात. वाईट नाही. फरशी कॉपी करताना ओपनिंगसकट कॉपी करायची खूण त्यात आहे, ती लक्षात ठेवून कर. मात्र मॉनिटर म्हणजे फक्त इशारा. मूळ वस्तू सरकली की कोऑर्डिनेशन रिव्ह्यूमध्ये ओळ उमटते. ती वाचणारा माणूस नेमलेला नसेल तर ओळींचा नुसता डोंगर होतो आणि कुणीतरी एक दिवस सगळ्या एकदम निवडून ‘पुढे ढकल’ करून टाकतो.

शाफ्टच्या त्याच साधनाची दुसरी खोड: खालच्या लेव्हलपासून वरच्या लेव्हलपर्यंत मधले सगळे मजले ते एका झटक्यात कापतं. वीस मजल्यांचा टॉवर असेल, सगळे पाइप सरळ खाली येत असतील, तर उत्तम. पण पोडियमवर किंवा सर्व्हिस फ्लोअरवर पाइप आडवे वळतात आणि दुसऱ्या जागेवरून खाली जातात. हे मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये नेहमीचंच आहे, कारण खाली पार्किंग असतं आणि गाडीच्या डोक्यावर पाइप उतरवता येत नाही. वळलेल्या पाइपच्या मूळ जागी शाफ्टचं भोक मात्र तसंच खालपर्यंत जातं. त्यात ना पाइप, ना वायर. आणि पोडियम म्हणजे बहुधा ट्रान्स्फरचा मजला. वरच्या कॉलमांचा भार तिथे वळवलेला असतो, तिथल्या प्रत्येक भोकाची जागा मोलाची असते.

यावरूनच सांगतो, जे फार कमी लोक करतात. क्लॅश तपासणीत पाइप स्लॅबला धडकला की लाल दिसतो, म्हणजे भोक नसलेला पाइप सापडतो. पाइप नसलेलं भोक कधीच सापडत नाही. हवेला हवा धडकत नाही, सॉफ्टवेअर गप्प बसतं. ही अनाथ भोकं तीन प्रकारे त्रास देतात: स्लॅबची ताकद फुकट जाते, आग लागली तर धूर वर जायला वाट मिळते, आणि साइटवर कुणाचा तरी पाय त्यात जातो.

ती शोधायची युक्ती मागणीच्या ठोकळ्यात आहे. ठोकळा भरीव ठेव, पोकळी म्हणून नको. मग नॅव्हिसवर्क्समध्ये दोन फेऱ्या मार. पहिली फेरी ठोकळा विरुद्ध सर्व्हिस. ज्या ठोकळ्याला काहीच लागलं नाही तो अनाथ: पाइप सरकलाय, रद्द झालाय किंवा अजून काढलाच नाही. दुसरी फेरी ठोकळा विरुद्ध स्ट्रक्चरचा स्लॅब. इथे उलटं वाच. ठोकळा स्लॅबला धडकला तर भोक अजून कापलेलं नाही किंवा चुकीच्या जागी कापलंय. धडकला नाही तर कापलंय. कडेला कड लागून उगाच शेकडो ओळी येऊ नयेत म्हणून थोडी टॉलरन्स दे, पाच मिलिमीटर पुरेत. ठोकळाच स्लॅबच्या वर अधांतरी तरंगत असला तरीही ‘धडकला नाही’ असंच येतं, तेव्हा लेव्हल एकदा डोळ्यांनी बघ. आणि स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये भोक आहे पण तिथे ठोकळाच नाही, असं असेल तर सरांना विचार हे कुणी मागितलं. बऱ्याचदा ते जुन्या स्कीमचं उरलेलं असतं.

याच सॉफ्टवेअरमध्ये ‘अप्रूव्हड’ असा शेरा देता येतो. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पाइप-स्लॅब क्लॅशच्या आठशे ओळी आल्या की हात शिवशिवतो. पाइप स्लॅबमधून जाणारच ना, असं म्हणून पोरं सगळ्या ओळी एका क्लिकमध्ये अप्रूव्ह करतात. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की हा क्लॅश आहे आणि आम्हाला चालतो. स्ट्रक्चर इंजिनिअरने स्लॅब कापायला होकार दिला, असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात मॉडेल बदललं तरी ती ओळ अप्रूव्हडच राहते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

आता आकाराचं. इथे हिशेब करायला शीक, अंदाज नको. समज, चिल्ड वॉटरचा १५० एनबीचा पाइप आहे. पाइपचा बाहेरचा व्यास १५० नसतो, १६५ ते १६८ मिलिमीटर असतो. त्यावर ५० मिलिमीटरचं इन्सुलेशन, दोन्ही बाजूंनी मिळून १००. झाले २६८. पाइप किंचित तिरका बसला तरी जावा आणि फायर सीलंट भरायला जागा उरावी म्हणून सगळीकडून पंचवीस. म्हणजे ३१८, कागदावर ३२५. मॉडेलमध्ये ‘१५०चा पाइप’ बघून कुणी २०० मिलिमीटरची स्लीव्ह टाकली, तर फिटर इन्सुलेशन स्लॅबच्या जागी तासून टाकेल. मग तिथेच पाणी सुटेल आणि खालच्या सीलिंगवर डाग येईल. रेव्हिटमध्ये इन्सुलेशन ही वेगळी वस्तू असते. क्लॅशच्या निवडीत ती आली नाही तर उघडा पाइप भोकातून मजेत जातो आणि रिपोर्ट हिरवा येतो. हे आधी तपास. फॅक्टरीत जोडून आणलेला पाइपचा तुकडा वरून खाली सोडायचा असेल तर फ्लँजही भोकातून जायला हवा, आणि १५०च्या फ्लँजचा व्यास २८०च्या आसपास असतो. म्हणजे पाइप कुठून जाणार एवढंच विचारू नकोस, तो तिथे कसा बसवणार हेही विचार. मॉडेलला चढवणं-उतरवणं कळत नाही, फोरमनला कळतं.

सांडपाण्याच्या ११० मिलिमीटरच्या पाइपला सॉकेटचा फुगवटा असतो, म्हणून तिथे स्लीव्ह पुढच्या मापाची, १६०ची, घेतात. डक्टला बाजूंची फ्लँज आणि इन्सुलेशन धर, आणि मजल्यात फायर डॅम्पर असेल तर त्याच्या स्लीव्हचं माप त्याच्या कॅटलॉगमधूनच घे. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘असू दे मोठं’ म्हणून शंभर-शंभर वाढवू नकोस. फायर सीलिंगची जी सिस्टिम चाचणी होऊन आलेली असते, तिच्यात पाइप आणि भोक यांच्यातली फट किती चालते हे ठरलेलं असतं. त्यापेक्षा मोठी फट राहिली की तो दाखला तिथे लागू होत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ सर्व्हिस मजल्यांमधून नेताना किमान १२० मिनिटांची आगरोधकता मागतो. ती विटांचे तुकडे आणि सिमेंट कोंबून मिळत नाही.

सरांच्या बाजूनेही थोडा विचार कर, मग ते तुझा फोन पहिल्या रिंगला उचलतील. तुला ३०० मिलिमीटरचं चौकोनी भोक दिसतं. त्यांना त्याच्याभोवतीच्या सळया दिसतात. भोकाने जेवढं लोखंड तोडलं तेवढं दोन्ही बाजूंना वाटून घालावं लागतं, कोपऱ्यात चिरा पडू नयेत म्हणून तिरप्या सळया लागतात, आणि बाजूची प्रत्येक सळई कडेच्या पुढे डेव्हलपमेंट लेंग्थपर्यंत न्यावी लागते. एम २५ काँक्रीट आणि एफई ५०० लोखंड धरलं तर ती लांबी व्यासाच्या साधारण साडेअठ्ठेचाळीस पट येते. बारा मिलिमीटरच्या सळईला जवळपास ५८० मिलिमीटर. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या भोकाचा हिशेब एका दिशेने दीड मीटरच्या घरात जातो. त्या टापूत प्लंबिंगवाल्यांनी आणखी एक भोक मागितलं तर पहिल्याच्या सळया दुसऱ्यात जाऊन संपतात. तुझ्या क्लॅश रिपोर्टमध्ये यातलं काहीही दिसत नाही, कारण सळया मॉडेलमध्ये बहुधा नसतातच.

फ्लॅट स्लॅब असेल तर कॉलमच्या आसपास जास्तच जपून. आयएस ४५६:२००० सांगतो, की कॉलमपासून स्लॅबच्या जाडीच्या दहापटीच्या आत किंवा कॉलम स्ट्रिपमध्ये भोक आलं तर पंचिंग शिअर तपासताना परिघाचा तेवढा भाग निकामी धरायचा. स्लॅब २०० मिलिमीटरचा असेल तर हे अंतर दोन मीटर. आणि गंमत अशी, की प्लंबरला पाइप कॉलमच्या कुशीतच हवा असतो, म्हणजे तो भिंतीत लपतो. पॅनेलच्या मधल्या अर्ध्या भागात मात्र कोड बराच उदार आहे. दोन्ही दिशांच्या स्पॅनच्या मधल्या निम्म्या पट्ट्यात कुठल्याही मापाचं भोक चालतं, फक्त पॅनेलला लागणारं एकूण लोखंड कमी होता कामा नये. तेव्हा शाफ्टची जागा आर्किटेक्टशी बोलून सुरुवातीलाच थोडी आत सरकवता आली तर पुढचे शंभर वाद वाचतात.

सरांकडे भोकांची यादी पाठवताना तीन ढीग कर. सळयांच्या मधून जाणाऱ्या छोट्या स्लीव्ह एका ढिगात, त्या ते एकगठ्ठा पाहून देतात. सळया तोडणारी भोकं दुसऱ्यात. बीमला किंवा कॉलमला खेटलेली, ट्रान्स्फर मजल्यावरची आणि पोस्ट-टेन्शन स्लॅबमधली तिसऱ्यात. तिसऱ्या ढिगासाठी मेल नको, मॉडेल उघडून समोर बस. पाइपांचा घोळका असेल तर वेगवेगळ्या स्लीव्ह की एकच मोठं भोक, हाही प्रश्न त्यांनाच विचार. माझा ठोकताळा असा: दोन भोकांमध्ये सळई आणि कव्हर बसेल एवढं काँक्रीट उरत नसेल, तर ते एकच भोक समजावं. चाळीस मिलिमीटरची काँक्रीटची पट्टी कागदावर दिसते, शटरिंग काढताना ती हातात येते.

लेव्हलचा घोळ हा निराळा अध्याय आहे, पण थोडक्यात: आर्किटेक्टची लेव्हल तयार फरशीची, स्ट्रक्चरची लेव्हल काँक्रीटची. दोन्हींत पन्नास-पंच्याहत्तर मिलिमीटरचा फरक सहज असतो, आणि टॉयलेटचा संकन स्लॅब तर आणखी खाली. सर्व्हिसच्या मॉडेलने लेव्हल कुणाकडून उचलल्या हे पहिल्याच दिवशी लिहून घे.

साइटवर काय होतं ते माहीत नसेल तर मॉडेलमधलं सगळं व्यर्थ. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या कामात आठवडा-दहा दिवसांत मजला पडतो. त्यात कटआउटचं ड्रॉइंग शटरिंग बसताना हातात असायला हवं, आणि त्याआधी बार बेंडिंग शेड्यूल निघालेलं असतं. म्हणजे तुझी गोठवण्याची तारीख स्लॅब भरण्याच्या तारखेवरून मोजू नकोस, लोखंड कापायच्या तारखेवरून मोज. त्यानंतर आलेली मागणी पुढच्या मजल्याला, या मजल्याला नाही. हे गोड बोलून सांग, पण सांगच.

राहून गेलेलं भोक नंतर कोअर कटिंगने पाडता येतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. साध्या स्लॅबमध्ये सरांना विचारून, सळई शोधून, एखादवेळी चालतं. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावू द्यायचंच नाही. आत ताणलेल्या स्ट्रँड असतात, त्यातली एक कापली तर स्लॅबचं गणितच बदलतं. म्हणून अशा स्लॅबच्या मॉडेलमध्ये केबलची रेषा असायलाच हवी असं ठेकेदाराला सांग, निदान टूडीमध्ये. भोक आधी कळलं तर केबल त्याला वळसा घालून नेता येते.

टॉयलेटमधलं कोअर कटिंग तर आपल्याकडच्या सोसायट्यांच्या निम्म्या भांडणांचं मूळ. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाडलेलं भोक कितीही भरलं तरी तिथूनच पाझरतं, आणि वरच्या बिऱ्हाडाने खालच्याचं छत भिजवलं म्हणून वर्षभर नोटिसा फिरतात. टेरेस आणि टाकीच्या स्लॅबमधून जाणारा पाइप पडल फ्लँजसकट काँक्रीटमध्येच बसायला हवा, म्हणजे तो ठोकळा सगळ्यात आधी मंजूर करून घे. इलेक्ट्रिकल शाफ्टच्या भोकाला कडेने काँक्रीटचा छोटा उंचवटा माग. वर कुठेतरी पाइप फुटला तर पाणी बसडक्टवर उतरायला नको.

मोठ्या भोकात सळयांची जाळी तशीच सलग सोडायची आणि पाइप बसवताना कापायची, ही पद्धत तुझ्या ड्रॉइंगच्या टिपेत लिहून टाक. भोकावर नुसती प्लायची फळी ठेवली तर कुणीतरी ती उचलून दुसरीकडे वापरतो. जाळी कुणी उचलत नाही. मात्र हे सरांच्या नकाशातही दिसायला हवं, नाहीतर ते जाळी स्लॅबच्या मूळ लोखंडात धरतील किंवा धरणार नाहीत, आणि त्यावर पुन्हा बैठक.

शटरिंग निघालं की प्रत्येक भोकाशेजारी त्याचा नंबर रंगाने लिहून घे आणि फोटो मागव. काँक्रीट पडताना मजूर स्लीव्हवर पाय देतात, व्हायब्रेटर लागतो, स्लीव्ह सरकते. वरच्या मजल्यावरून ओळंबा सोडला की कळतं, पाचव्याची स्लीव्ह चौथ्याच्या कितीने बाहेर आहे. ते आकडे मॉडेलमध्ये चढव, ठोकळ्याची अवस्था ‘भरलं’ कर, आणि सर्व्हिसवाल्यांना त्याच जागेवरून पाइप पुन्हा काढायला लाव. पाचव्याचे आकडे आल्याशिवाय सहाव्याच्या कटआउट ड्रॉइंगवर सही घ्यायला जाऊ नकोस. आणि सरांना फोन करायचा तर दुपारी चारनंतर कर. सकाळी ते कुठल्यातरी साइटवर वाकून सळया मोजत असतात, तेव्हा कुणी भोकाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही.